स्नोक्वाल्मी बोगदा – घाटात नोकरी केलेल्या बाबांना घेऊन जायचंय, कोणी गेलंय का?

पलसदरीची_लेक

नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनपासून आमच्याकडे आहेत, सिएटलच्या पूर्वेला राहतो आम्ही, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट आहे. स्पेस नीडल झालं, विमानांचं म्युझियम झालं, रेनिअरला जाऊन आलो, धबधबे झाले. आई सगळीकडे रमते, फोटो काढते, मावशीला व्हिडिओ कॉल लावते. बाबा मात्र "छान आहे हो" म्हणतात आणि दहा मिनिटांत गाडीत येऊन बसतात, आणि मला ते बघून फार वाईट वाटतं.

बाबा सेंट्रल रेल्वेत होते, कर्जत-लोणावळा घाटात बँकर इंजिनावर (चढावर गाडीला मागून रेटणारं इंजिन) असिस्टंट म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, माझं सगळं लहानपण पलसदरीला गेलं. परवा आय-९० वरून येत होतो तर डोंगराच्या अंगाने झाडीतून जाणारी एक सरळ सपाट रेघ दिसली, तिच्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले ही रेल्वेची फॉर्मेशन आहे, रूळ कुठे गेले इथले? त्या दिवशी पहिल्यांदा घरी येईपर्यंत गप्प बसले नाहीत. शोधल्यावर कळलं की जुनी मिलवॉकी रोडची लाइन होती, रूळ काढून पायवाट केलीये आणि वरच्या बाजूला एक मोठा बोगदा आहे ज्यातून चालत जाता येतं.

आता प्रश्न. बाबा ७० चे आहेत, रोज चालतात, बीपीची गोळी चालू आहे. आईचा डावा गुडघा दुखतो, जिने जमत नाहीत, सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते. आत कितपत अंधार आणि थंडी असते? एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला कोणी गाडी घेऊन उभं राहू शकतं का? शिवाय नुसता अंधारात चालायचा प्रकार आहे की रेल्वेच्या माणसाला बघण्यासारखं काही उरलंय तिथे? गेलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

बेलव्ह्यूकर

अवश्य न्या. आम्ही तीन वेळा गेलोय, एकदा माझ्या सासऱ्यांना पण नेलं होतं.

आय-९० वर एक्झिट ५४ घ्यायचा, हायाक नावाचा ट्रेलहेड (पायवाट सुरू होते ती जागा) आहे, मोठं पार्किंग आहे आणि टॉयलेट चांगली आहेत. डिस्कव्हर पास (स्टेट पार्कमध्ये गाडी लावायचा पास) लागतो, तुमच्याकडे वर्षाचा असेल तर तोच चालतो. पार्किंगपासून बोगद्याचं तोंड दहा मिनिटांच्या आत येतं, वाट पूर्ण सपाट, बारीक खडी दाबून बसवलेली, जिना नाही चढ नाही, त्यामुळे गुडघ्याला त्रास होणारं काही नाहीये फक्त अंतर आहे. बोगदा सव्वादोन मैलांच्या आसपास आहे म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर, आणि पलीकडे गाडी आणता येत नाही. पश्चिमेच्या तोंडापाशी रस्ता नाही, खालच्या ट्रेलहेडवरून चढून यावं लागतं. म्हणजे जेवढं गेलात तेवढंच परत. पूर्ण केलंत तर पाच-सहा मैलांची चाल होते.

तुमच्या आईंना पूर्ण झेपेल असं वाटत नाही. त्यांनी पंधरा-वीस मिनिटं आत जाऊन परत फिरावं आणि एक जण त्यांच्याबरोबर फिरावा. हायाकहून तीच पायवाट उलट्या दिशेला कीचेलस तलावाच्या काठाने जाते, ती पण सपाट, तिथे बसायला सुंदर आहे.

थंडीचं मात्र मनावर घ्या. बाहेर ऑगस्टचं ऊन असलं तरी आत दहा अंशांच्या आसपास असतं, तोंडापाशी गार वारा अंगावर येतो आणि वरून पाणी ठिबकतं. स्वेटर, वरून विंडचीटर, बाबांना कानटोपी. दिवा प्रत्येकाला स्वतंत्र हवा, डोक्याला लावायचा हेडलॅम्प बेस्ट, मोबाइलच्या टॉर्चवर जाऊ नका कारण बॅटरी संपते आणि हात अडकतो. आत एकही दिवा नाही. सायकलवाले येतात-जातात, उजव्या बाजूने चाला.

आणि ऑक्टोबरपर्यंत लांबवू नका. १ नोव्हेंबरला बोगद्याची दारं लावतात ती १ मे ला उघडतात, हिवाळ्यात आत बर्फाच्या सुळ्या लोंबतात म्हणून. निघायच्या आधी स्टेट पार्कच्या साइटवर काही क्लोजर आहे का ते बघून घ्या.

रुळांचा_नादखुळा

ताई, तुमच्या बाबांना आधी ही माहिती सांगा आणि मग न्या, दुप्पट मजा येईल त्यांना.

मिलवॉकी रोड म्हणजे मूळची शिकागो-मिलवॉकी-सेंट पॉल कंपनी. पॅसिफिकपर्यंत यायला ती बऱ्याच उशिरा आली, १९०९ साली लाइन जोडली गेली. सुरुवातीला स्नोक्वाल्मी खिंडीच्या माथ्यावरूनच रूळ टाकले होते, पण तिथला बर्फ म्हणजे आपल्या घाटातल्या दरडींसारखा, दर हिवाळ्यात लाइन बंद. म्हणून १९१२ ला माथ्याच्या खालून बोगदा खणायला घेतला, १९१४ ला खोदकाम उरकलं आणि १९१५ च्या सुरुवातीपासून गाड्या त्यातून जायला लागल्या. लांबी ११,८९४ फूट. आपला पारसिक १.३ किलोमीटर आहे, म्हणजे हा त्याच्या पावणेतीनपट, आणि पारसिक सुरू झाला १९१६ ला, म्हणजे दोन्ही एकाच काळातली कामं.

आता बाबांसाठीची खास गोष्ट. ही लाइन इलेक्ट्रिक होती! रॉकी पर्वतातला भाग १९१४ ते १९१६ दरम्यान झाला आणि कॅस्केड्सचा हा भाग १९१९-२० मध्ये, ३००० व्होल्ट डीसीवर. आपला बोरघाट १९२९-३० च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसीवर गेला. म्हणजे इथे इलेक्ट्रिक इंजिनं घाट चढत होती तेव्हा कर्जतला अजून वाफेची इंजिनं धापा टाकत होती. उतारावर मोटर जनरेटरसारखी वापरून करंट परत तारेत सोडायची सोय इथल्या इंजिनांत होती, बाबांना रीजनरेटिव्ह ब्रेकिंग एवढंच सांगा, पुढचं तेच तुम्हाला समजावतील. पश्चिमेच्या चढाला साधारण पावणेदोन टक्के ग्रेड आहे, बोरघाटात ३७ ला १ म्हणजे २.७ टक्के. आपला घाट कितीतरी खडा, म्हणून तर मागून बँकर लागतात.

बोगदा झाल्यापासून विजेच्या तारा येईपर्यंतची चार-पाच वर्षं त्यातून वाफेची इंजिनं गेली, साडेतीन किलोमीटर तो धूर कोंडलेला असताना फूटप्लेटवर उभ्या असलेल्या माणसांचं काय होत असेल हा विचार मी आत गेलो की दर वेळी येतो.

पुढे कंपनीची वाईट अवस्था झाली. या बाजूची इलेक्ट्रिक १९७२ ला बंद केली, १९७७ ला दिवाळं निघालं आणि १९८० ला पश्चिमेची अख्खी लाइन सोडून दिली. रूळ, तारा सगळं उपटून नेलं. राज्य सरकारने जमीन घेतली म्हणून निदान पायवाट तरी झाली. मधे २००९ ला आतलं काँक्रीट पडायला लागलं म्हणून बोगदा बंद ठेवला होता, दुरुस्ती करून २०११ ला परत उघडला. पायवाटेचं आताचं नाव पलूस टू कॅस्केड्स, २०१८ पासून, ती पूर्वेला आयडाहोच्या हद्दीपर्यंत जाते.

बाबा कुठल्या इंजिनांवर होते? खेकडा, म्हणजे आपल्या घाटातलं ते जुनं विजेचं इंजिन, बघितलंय का त्यांनी चालू स्थितीत?

पलसदरीची_लेक

बेलव्ह्यूकर, नादखुळा, दोघांचे मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ३००० व्होल्ट डीसी म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले परत वाच. नोकरी त्यांची बरीचशी डब्ल्यूसीजी-२ इंजिनांवर झाली. खेकडा ते लागले तेव्हा शंटिंगला होता, त्याच्या कण्हण्याच्या आवाजावरून नाव पडलं म्हणे, आणि मुंबईला नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक उभा आहे तो बघायला आम्हा भावंडांना मुद्दाम घेऊन गेले होते. रीजनरेशनवर खरंच अर्धा तास ऐकलं आम्ही, जावई पण बसले होते.

त्यांचा एक प्रश्न आहे, इथे उतारावर कॅच सायडिंग (ताबा सुटलेली गाडी वळवून अडवायचा बाजूचा रूळ) होत्या का? आपल्या घाटात उतरणारी गाडी कंट्रोलमध्ये आहे हे थांबवून बघितल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

पायवाट

सगळे उत्साहाने लिहितायत, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या आईला आम्ही मागच्या वर्षी नेलं होतं, तिला चालायचा काहीच त्रास नाही, रोज पर्वती चढणारी बाई आहे. पण आत वीसेक मिनिटं गेल्यावर मागचा उजेड लहान झाला आणि पुढचाही लहानच, तेव्हा ती एकदम घाबरली, श्वास लागतोय म्हणाली, घाम फुटला. मी आणि भाऊ तिला "थोडंच राहिलंय" म्हणत राहिलो आणि ते आमचं चुकलं, कारण थोडं राहिलेलं नव्हतं आणि तिला ते दिसत होतं. शेवटी हात धरून परत आणलं. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत ठीक झाली, पण आम्ही तिथेच लगेच फिरायला हवं होतं.

पलीकडच्या तोंडाचा उजेड आत टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो आणि कितीही चाललं तरी खूप वेळ तेवढाच राहतो, याची मनाची तयारी आधी करून द्या. आत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा दोन गट होणार असतील तर किती वाजता कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा. बीपीची गोळी सकाळी घेऊनच निघा, आणि कोणीही "परत फिरूया" म्हटलं की वाद न घालता फिरा.

किर्कलंडची_आई

स्ट्रोलर जाईल का? दीड वर्षाचं बाळ आहे.

बेलव्ह्यूकर

मोठ्या चाकांचा जाईल. छोट्या चाकांचा खडीत अडकतो. बाळाला पाय झाकणारं काहीतरी घाला, गार वारा त्याच्या उंचीवर जास्त लागतो. आणि स्ट्रोलरला पण एक दिवा लावा म्हणजे सायकलवाल्यांना लांबून दिसेल.

पायवाटताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं.

स्पोकेनची_सून

बाबांना एवढी आवड असेल तर पुढच्या खेपेला आमच्या बाजूला आणा. याच कंपनीची याच लाइनची आणखी एक पायवाट आयडाहो-मोंटानाच्या सीमेवर आहे, रूट ऑफ द हायवाथा, १५ मैल, १० बोगदे आणि ७ उंच ट्रेसल पूल (खांबांच्या चौकटींवर उभे असलेले). सुरुवातीचाच बोगदा १.६६ मैलांचा आहे आणि मधेच राज्याची सीमा लागते. ती सायकलवर करायची, वाट सगळी उताराची, खालून परत वर आणायला बस असते, तिकीट लागतं.

तिथली एक गोष्ट मी माझ्या मुलांना नेहमी सांगते. १९१० च्या ऑगस्टमध्ये या डोंगरांत भयंकर वणवा लागला होता, तेव्हा रेल्वेच्या माणसांनी गाड्यांमध्ये कामगार, बायका, मुलं भरली आणि पेटलेल्या पुलांवरून गाड्या बोगद्यात नेऊन उभ्या केल्या, आग वरून गेली आणि शेकडो लोक वाचले. तो बोगदा बघताना अंगावर काटा येतो.

रुळांचा_नादखुळा

स्पोकेनची_सून, छान आठवण करून दिलीत. त्याच वर्षी मार्चमध्ये इकडे कॅस्केड्समध्ये दुसऱ्या कंपनीच्या, ग्रेट नॉर्दर्नच्या लाइनवर वेलिंग्टनला हिमकडा कोसळला, बर्फात अडकून उभ्या असलेल्या दोन गाड्या दरीत गेल्या, ९६ माणसं गेली. ती जागा आता आयर्न गोट नावाच्या पायवाटेवर बघायला मिळते, हायवे २ वरून. तिथला जुना कॅस्केड बोगदा १९२९ ला नवा झाल्यावर सोडून दिलाय, तो आतून धोकादायक आहे, तोंडापर्यंत जाऊन बघायचा फक्त, आत पाऊल टाकायचं नाही. स्नोक्वाल्मीचा देखभाल असलेला आहे म्हणून तिथे चालतो आपण, हा फरक लक्षात ठेवा.

कॅच सायडिंगबद्दल बाबांना सांगा की मी जुने नकाशे बघतो आणि सापडलं तर इथेच टाकतो.

डोंबिवलीकर

तिकडे नाही, इथूनच वाचतोय. वाचून हेवा वाटला आणि थोडी चिडचिड पण झाली. आपल्याकडे लोक चालू लाइनवरून चालत जातात, दूधसागरला दर पावसाळ्यात पोरं रुळावरून बोगद्यात शिरतात, बंदी आहे, रेल्वे पोलीस पकडतात तरी जातात. बोगद्यातून चालायची हौस माणसाला असतेच, मग वापरात नसलेली एखादी जागा नीट सुरक्षित करून द्यायला काय हरकत आहे? बोरघाटात १८६३ ला गाडी सुरू झाली, गाडीची दिशा जिथे उलटायची ते रिव्हर्सिंग स्टेशन नव्या अलाइनमेंटनंतर सुटलं, अमृतांजन पूल तर २०२० ला पाडलाच. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन महिन्याभरात वारला आणि त्याच्या बायकोने, ऍलिसने, ते काम अंगावर घेतलं, हे किती जणांना माहीत आहे? तिथे एक पायवाट आणि चार फलक असते तर शाळेच्या सहली गेल्या असत्या.

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. आम्ही पुण्याला जाताना कर्जतला वडापाव खात असायचो आणि मागे धक्का बसायचा, तेव्हा आई म्हणायची मागचं इंजिन लागलं आता. ते कदाचित तेच असतील.

पलसदरीची_लेक

मंडळी, काल जाऊन आलो. उशिरा लिहितेय कारण घरी आल्यावर बाबांनी झोपूच दिलं नाही.

सकाळी नऊला हायाकला पोचलो, पार्किंग अर्धं रिकामं होतं. डोंबिवलीकर, तुमचा निरोप मी गाडीतच सांगितला होता, बाबा काही बोलले नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसले, थोड्या वेळाने म्हणाले "त्यांना सांग धक्का बसला असेल तर मी नव्हतो, मी हळू लावायचो."

बोगद्याच्या तोंडाशी गेल्यावर सगळ्यांनी स्वेटर चढवले. बाबांनी आधी खाली वाकून खडी हातात घेतली, म्हणाले ही रुळाखालची नाही, नंतर आणून टाकलेली आहे. मग भिंतीला तळहात लावून उभे राहिले. आत शिरल्यावर डाव्या-उजव्या भिंतीवर टॉर्च फिरवत चालले होते आणि मधेच वर, तार कुठून गेली असेल, किती उंचीवर असेल, हे बोलत. आई वीस मिनिटं आली आणि पायवाटताईंनी सांगितलं होतं तसं मी विचारलं तर म्हणाली मला आता उजेड हवाय. ती आणि माझा नवरा तिथून फिरले, साडेबाराला तलावापाशी भेटायचं ठरवलं होतं.

पुढे आम्ही दोघंच. समोरून एक सायकल येत होती, खूप लांब होती, नुसता एक पांढरा ठिपका. बाबांनी माझा दंड धरला आणि मला भिंतीकडे ओढलं, स्वतः पाठ भिंतीला लावून उभे राहिले. सायकल यायला तीन-चार मिनिटं लागली, तोपर्यंत तसेच उभे, मी पण काही बोलले नाही. ती बाई हॅलो म्हणून गेली. मग चालायला लागल्यावर म्हणाले, बोगद्यात दिवा दिसला की अंतर कळत नाही, गँगमनला आम्ही हेच सांगायचो, जवळ आहे की लांब याचा विचार करायचा नाही, आधी बाजूला व्हायचं. त्यानंतर त्यांनी एका पावसाळ्यातली गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात ऐकली नव्हती, ती इथे लिहीत नाही कारण ज्यांची आहे त्यांच्या घरचे अजून कर्जतला आहेत.

मधोमध आलो असू तेव्हा म्हणाले दिवे बंद कर. दोघांनी केले. असा अंधार मी कधी बघितला नाही, पुढचा तो बारका ठिपका सोडून काहीच नाही, आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. बाबा म्हणाले इथे धूर भरलेला असताना इंजिन ओढत नेणारे ते लोक, आमच्या घाटातही माझ्या आधीच्यांनी तेच केलं, मला विजेचं इंजिन मिळालं.

पलीकडच्या तोंडाशी टेबलं आहेत तिथे बसून थेपले आणि थर्मासमधला चहा घेतला. खाली सगळी दरी आणि आय-९० वरचे ट्रक दिसत होते. बाबांना एका गोष्टीचं फार लागलं, ते दोन-तीनदा म्हणाले, एवढा डोंगर फोडला, तारा टाकल्या, आणि उपटून नेलं. आता माल ट्रकने जातो. मी म्हटलं निदान बोगदा ठेवला की बाबा. म्हणाले हो, ते बरं केलं.

परत आलो तर आई तलावाच्या काठी बसलेली, पाणी उतरलेलं आणि तळातले झाडांचे बुंधे वर आलेले, ती म्हणाली इथे आधी जंगल असणार. हे पाणी खाली याकिमाच्या सफरचंदांच्या बागांना जातं हे मी तिला सांगितलं, ते तिला बोगद्यापेक्षा जास्त आवडलं. गुडघा ठीक आहे, रात्री शेकला.

बाबांना परत जायचंय, या वेळी नुसती पश्चिमेची बाजू उजेडात नीट बघायची आहे, ट्रेसल पूल वगैरे. येत्या शनिवारी सकाळी आठला निघणार, गाडीत दोन जागा आहेत आणि जास्तीचे दोन हेडलॅम्प. नादखुळा, तुम्ही याल का? कॅच सायडिंगचा नकाशा सापडला असेल तर सोबत आणा, बाबा रोज विचारतायत.

रुळांचा_नादखुळा

येतो. नकाशा अजून शोधतोय, पण इंजिनांचे जुने फोटो आहेत माझ्याकडे, प्रिंट काढून आणतो. साडेसातलाच येऊ का, चहा तिथेच घेऊ?